अमर चित्रकथा: पैंची इच्छा आणि ती कागदावर काढणारे चित्रकार

रेघोट्या

अमर चित्रकथेबद्दल कुठेही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली. फेब्रुवारी १९६७, दिल्ली. दूरदर्शनवर शाळकरी मुलांची प्रश्नमंजुषा चालू आहे. ग्रीक देवांच्या डोंगराबद्दल विचारलं तर मुलं पटकन उत्तर देतात, रामाच्या आईचं नाव विचारल्यावर सगळी गप्प. पुढे अमर चित्रकथेचे संपादक झालेले अनंत पै ते पाहतात, अस्वस्थ होतात आणि आपल्या गोष्टी मुलांपर्यंत पोचवायचं ठरवतात.

पैंनी ही हकीकत आयुष्यभर सांगितली. तिच्याशी माझा काही वाद नाही. पण ही झाली इच्छा. इच्छेतून ३२ पानांचा अंक आपोआप निघत नाही, कोणीतरी बसून ती पानं काढावी लागतात. ज्यांनी ती काढली त्यांत मराठी चित्रकारांचा भरणा मोठा होता, आणि त्यांच्याविषयी मराठीतसुद्धा फार थोडं लिहिलं गेलंय. म्हणून हा धागा.

आधी धंद्याची बाजू, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. पै मूळचे कारकळचे, जन्म १९२९चा. दोन वर्षांचे असताना आईवडील गेले. बाराव्या वर्षी मुंबईला आले, माहीमच्या ओरिएंट शाळेत शिकले, पुढे मुंबई विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान केलं. जीव मात्र पुस्तकांत. १९५४ मध्ये ‘मानव’ नावाचं मुलांचं मासिक काढून पाहिलं, ते चाललं नाही. मग टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात नोकरी धरली. त्याच टाइम्सने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. सुरुवातीला त्यात फक्त वेताळ, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधला ‘फँटम’. सगळा माल अमेरिकेतून आलेला, आपण इथे भाषांतर करायचं, मुखपृष्ठ नवं रंगवायचं आणि छापायचं. कॉमिक्स भारतात खपतं, गावोगावच्या स्टॉलवरून मुलं ते विकत घेतात, हे या उसन्या मालाने सिद्ध केलं. माझ्या मते अमर चित्रकथेची खरी पूर्वतयारी ही आहे. प्रश्नमंजुषेला लोक जेवढं श्रेय देतात त्यातलं थोडं वेताळालाही द्यायला हवं.

पैंनी टाइम्स सोडलं आणि इंडिया बुक हाऊसच्या मीरचंदानींना कल्पना पटवली. इंडिया बुक हाऊस म्हणजे मुंबईतली पुस्तकांचं वितरण करणारी आणि प्रकाशनही करणारी कंपनी. वितरणाचं जाळं तिच्या हातात होतं हे लक्षात ठेवा. लेखक, चित्रकार, संपादक कितीही उत्तम असले तरी अंक नागपूरच्या किंवा बेळगावच्या दुकानात पोचला नाही तर सगळं फुकट. आणि एक छोटी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ‘अमर चित्रकथा’ या नावाखाली आधीच १० अंक निघाले होते, तेही कन्नडमध्ये, आणि त्यात होत्या सिंड्रेलासारख्या पाश्चात्त्य परीकथा! म्हणून पैंचा पहिला भारतीय अंक, ‘कृष्ण’, याचा क्रमांक १ नसून ११ आहे.

‘कृष्ण’ काढला राम वाईरकरांनी. इथून माझा खरा विषय सुरू होतो.

पैशांची चणचण होती, त्यामुळे सुरुवातीच्या अंकांत पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावरच रंगकाम भागवलं जायचं. आता कल्पना करा. तांबडा रंग नाही. गोकुळ काढायचंय, राक्षस काढायचेत, माणसांची त्वचा दाखवायचीय, कुंकू दाखवायचंय, आणि तांबडा नाही. अशा वेळी सगळा भार काळ्या रेषेवर येतो. वाईरकरांची रेषा तो भार पेलते. त्यांच्या रेषेला वेग आहे, गोलाई आहे, आणि गर्दीतला प्रत्येक माणूस काहीतरी करत असतो. पुढे पूर्ण रंग आले तरी त्यांच्या पानांत रेषाच आधी दिसते. पौराणिक अंक, नसरुद्दीन होजा आणि ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला वेंधळा सुपंडी हे सगळं एकाच माणसाने काढलंय. पुराणपुरुष आणि विदूषक दोन्ही तितक्याच सहज काढणारे चित्रकार कोणत्याही देशात मोजकेच असतात.

दुसरे प्रताप मुळीक, पुण्याचे. त्यांची जात वेगळी. शरीरशास्त्र पक्कं, कपड्यांच्या चुण्या, घोड्याच्या मानेचा ताण, ढालीवर पडलेला उजेड, सगळं ठाशीव. ‘शिवाजी’ त्यांनी काढला. आपल्या डोळ्यांसमोर महाराजांची जी तरुण, चपळ आकृती येते तिच्यात या अंकाचा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणेन. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल या चित्रकारांच्या दिवाळी अंकांवर वाढलेल्या घरांना ही चित्रं परकी वाटली नाहीत. रविवर्म्याचे छापे, मग कॅलेंडरं, मग मुळगावकर आणि दलाल, आणि त्याच वाटेवर पुढे हे लोक. पै अंक इंग्रजीत आधी काढायचे, पण डोळा मुंबई-पुण्याचा होता.

दिलीप कदमांबद्दल स्वतंत्र धागा हवा. १९८५ ते १९८९ या काळात ४२ अंकांचं महाभारत निघालं, त्याची चित्रं कदमांची. ४२ अंक, प्रत्येकात पात्रांची झुंबड, आणि युधिष्ठिर पहिल्यापासून शेवटपर्यंत युधिष्ठिरच दिसायला हवा. दूरदर्शनचं महाभारत १९८८ मध्ये आलं, तोवर हे काम बरंचसं झालेलं होतं. प्रदीप साठे, अशोक डोंगरे, सी. एम. विटणकर, वसंत हळबे ही नावंही याच यादीतली. आणि मराठीच नव्हे, ‘मीराबाई’ काढणारे युसुफ लियन यांनी राजस्थानी लघुचित्रांची शैली अख्ख्या अंकभर सांभाळली, तो अंक तर जपून ठेवावा असा.

१९७० चं दशक संपता संपता खप वर्षाला ५० लाख प्रतींच्या घरात गेला. नोव्हेंबर १९८० मध्ये ‘टिंकल’ आलं. ४०० हून जास्त अंक, २० भाषा. एवढं सगळं उभं राहिलं आणि श्रेयाच्या बाबतीत आपण एका नावावर थांबलो. पैंचं कर्तृत्व मोठंच आहे, ‘अंकल पै’ ही पदवी त्यांनी मुलांच्या पत्रांना उत्तरं देऊन कमावली. पण संपादक आणि चित्रकार ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाची नोंद आपण मराठी माणसांनी तरी ठेवायला हवी.

सोनचाफा

रेघोट्या, फार मोलाचा धागा. वाचनखूण साठवली.

यात एक भर घालते. ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक १९७९चा. लेखन एस. एस. रेगे यांचं, चित्रं दिलीप कदमांची. आमच्या घरी हा अंक वडिलांनी फार जपला होता. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. वर्गात मुलांना तो हातोहात फिरवायला द्यायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. क्रमिक पुस्तकात बाबासाहेब म्हणजे कोट, चष्मा आणि हातात संविधान, एवढंच. इथे ते लहान मुलगा होते. वर्गात वेगळं बसवलेला, तहान लागलेला मुलगा. आपल्याएवढ्या मुलावर अन्याय होताना चित्रात पाहणं आणि धड्यात एक ओळ वाचणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चोखामेळ्याचाही अंक होता. हे विषय निवडल्याबद्दल पैंना श्रेय द्यावंच लागेल.

छापखाना

आमचा तीन पिढ्यांचा धंदा छपाईचा, त्यामुळे तांत्रिक बाजू थोडी सांगतो.

मराठी आवृत्ती परवडायची कशी, असा प्रश्न कधी पडलाय का? चार रंगांच्या छपाईत चार प्लेटा लागतात: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. संवाद फक्त काळ्या प्लेटवर असतात. म्हणजे भाषा बदलायची तर तीन प्लेटा तशाच ठेवून काळी तेवढी नवी करायची. रंगाचा सगळा खर्च एकदाच, मग इंग्रजी, हिंदी, मराठी, जी हवी ती भाषा. कॉमिक्सवाल्यांचा बहुभाषी धंदा या एका गोष्टीवर उभा असतो.

यात अडचण येते फुग्यांची. संवादाचा फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेला. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. तेवढ्याच फुग्यात तेवढाच मजकूर बसत नाही. मग भाषांतरकाराला वाक्य कापावं लागतं किंवा अक्षर बारीक करावं लागतं. जुने मराठी अंक काढून बघा, काही फुग्यांत अक्षरं अगदी कडेला टेकलेली सापडतील.

मानधनाबद्दल रेघोट्यांनी लिहिलं नाही, ते मी लिहितो. त्या काळी चित्रकाराला पानागणिक पैसे मिळायचे. काम दिलं, पैसे घेतले, विषय संपला. अंकाच्या पुढे पंचवीस आवृत्त्या निघाल्या तरी त्याचा चित्रकाराशी संबंध नाही. हे कुठल्या एका कंपनीबद्दल म्हणत नाही, सगळ्या व्यावसायिक चित्रकलेचा रिवाज तोच होता. पण दहा-दहा वर्षं पुन्हा छापल्या जाणाऱ्या अंकांच्या बाबतीत हा रिवाज फार टोचतो.

मृगजळ

धागा आवडला, पण एक बाजू राहिली आहे आणि ती ठेवल्याशिवाय हा इतिहास अर्धाच आहे.

श्रेय चित्रकारांना द्यायचं तर जबाबदारीही द्यावी लागेल. अमर चित्रकथेतले नायक गोरे, उंच, नाक सरळ. असुर काळे, जाडे, दात बाहेर आलेले. नीळकंठ आणि नीलवर्ण देव सोडले तर हा नियम जवळजवळ मोडलाच नाही. सावळी मुलं हे अंक वाचत होती, मी त्यांतलीच एक. ‘पद्मिनी’मध्ये जोहाराला जो उजळ, उदात्त रंग आहे तो आज मुलीच्या हातात देताना माझा हात थांबतो. वाल्मीकींच्या अंकावर पंजाबातल्या वाल्मीकी समाजाने आक्षेप घेतला होता, तोही याच प्रश्नाचा भाग आहे: कोणाची गोष्ट, कोण सांगतंय आणि कोणत्या नजरेने.

‘अकबर’ आणि ‘चांदबिबी’ही याच मालिकेत आहेत, हे मला माहीत आहे. सोनचाफा म्हणतात तो आंबेडकरांचा अंकही आहे. पण ‘कृष्ण’ ते ‘आंबेडकर’ यांच्यात नऊ-दहा वर्षं गेली.

रेघोट्या

मृगजळ, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि त्याला ‘पण’ लावून मी तो पातळ करणार नाही. गोरा नायक, काळा राक्षस हे आहेच. कॅलेंडरांतून आणि त्याआधी छापील देवांच्या तसबिरींतून ही सवय आली आणि चित्रकारांनी ती तशीच पुढे चालवली.

जबाबदारी द्यायची तर कोणाकोणाला, हे मात्र नीट पाहायला हवं. अंकाची संहिता चौकटीगणिक लिहून चित्रकाराकडे जायची. कोणत्या चौकटीत काय दिसावं हे बहुतांशी संपादकांच्या टेबलावर ठरायचं. याचं उत्तम उदाहरण ‘कृष्ण’च आहे. पहिल्या आवृत्तीत गोवर्धन उचलण्याचा चमत्कार पैंनी मुद्दाम आवरता घेतला होता, मुलांना चमत्कारांची सवय लावायची नाही म्हणून. पुढे तो अंक नव्याने केला तेव्हा गोवर्धन ऐटीत उचलला गेला. चित्रकाराचं मत बदललं म्हणून हे झालं नाही, संपादकाचं बदललं म्हणून झालं. एकाच गोष्टीच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की मालिकेची दिशा कशी बदलत गेली ते स्वच्छ दिसतं.

संपादकांच्या टेबलावर एकटे पै नव्हते, हेही सांगायला हवं. कमला चंद्रकांत आणि सुब्बा राव यांनी कित्येक अंकांचं लेखन आणि संपादन केलं. त्यांचीही नावं आज फारशी कोणी घेत नाही.

पुणेरी_टाक

मुळीकसरांबद्दल दोन गोष्टी.

इंडिया बुक हाऊसने फक्त पुराण आणि इतिहास केला असा समज आहे, तो दुरुस्त करायला हवा. १९८० च्या दशकात त्यांनी ‘स्टार कॉमिक्स’ काढलं, त्यात अमिताभ बच्चन ‘सुप्रीमो’ नावाचा महानायक होता! अंगाला घट्ट बसणारा पोशाख, गॉगल, सोबत ससाणा. त्याची चित्रं मुळीकांची. मालिका दोनेक वर्षंच चालली. दुसरी गोष्ट, १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ आणला, तो पहिल्यांदा रेखाटला मुळीकांनीच. म्हणजे हिंदी पट्ट्यातल्या मुलांचा सगळ्यात लाडका महानायक पुण्याच्या माणसाच्या कुंचल्यातून आलाय. तो नागराज पाहताना अमर चित्रकथेतले योद्धे आठवतात, कारण छातीची, दंडांची ठेवण तीच आहे.

अनघा_अटलांटा

इकडे आमच्या मराठी शाळेत रविवारी मुलांना गोष्टी सांगायच्या असतात तेव्हा अजूनही हेच अंक लागतात. जन्माने अमेरिकन मुलं, मराठी ऐकतात पण वाचायला कंटाळतात. तुकाराम आणि झाशीची राणी त्यांना चित्रांमुळे कळतात. मृगजळ यांनी लिहिलेलं वाचून ठरवलं, ‘पद्मिनी’ यादीतून काढते. मोठ्या मुलांना दोन वर्षांनी तोच अंक देऊन त्याच्यावर चर्चा घेईन.

काळूकावळा

टिंकलवर कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी.

अमर चित्रकथा आईवडील घेऊन द्यायचे, टिंकल आम्ही हट्टाने घ्यायचो. हा फरक फार मोठा आहे. टिंकलमध्ये वाचकांनी पाठवलेल्या गोष्टी छापायचे, खाली मुलाचं नाव आणि गाव असायचं. सुपंडी तसाच आला, तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून, १९८३ मध्ये. वाईरकरांनी त्याला ते लांबुडकं डोकं आणि वर उभी राहिलेली शेंडीवजा झुलपं दिली, आणि गोष्ट वाचायच्या आधीच कळायला लागलं की हा आता मालकाचं ऐकून भलतंच काहीतरी करणार.

त्याच वर्षीचा शिकारी शंभू. कल्पना ल्युइस फर्नांडिस यांची, चित्रं वसंत हळब्यांची. शंभूचे डोळे कोणी पाहिलेत का? टोपी नाकापर्यंत ओढलेली, खाली झुबकेदार मिशी, बस्स. डोळे नसलेल्या माणसाची भीती दाखवायची कशी? हळबे ती गुडघ्यांतून दाखवायचे. गुडघे आत वळलेले, बंदूक चुकीच्या दिशेला, टोपी हवेत अर्धी उडालेली पण डोळ्यांवरून हललेली नाही. चेहऱ्याचा निम्मा भाग झाकून माणूस इतका बोलका करणं याला फार मोठी हातोटी लागते. हळब्यांनंतर सावियो मस्करेन्यस यांनी शंभू चालवला, आणि काळ बदलला तसा शंभू शिकार सोडून वन्यजीवांना वाचवणारा झाला. हा बदल मला मनापासून आवडला.

सुपंडी आजही वाईरकरांच्याच घरात आहे. त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर तो काढतात.

छापखाना

शेवट कसा झाला तेही नोंदवून ठेवतो. १९९१ नंतर नवे अंक जवळजवळ थांबले. आधी दूरदर्शनचं रामायण-महाभारत, मग केबल, आणि कागदाचे भाव. त्यानंतर बराच काळ जुनेच अंक जाड कागदावर पुन्हा छापून विकले गेले. २००७ मध्ये अमर चित्रकथा आणि टिंकल ही दोन्ही नावं इंडिया बुक हाऊसकडून एसीके मीडिया या नव्या कंपनीने घेतली. नवे अंक पुन्हा निघू लागले, संगणकावर रंगकाम आलं. पै २४ फेब्रुवारी २०११ ला गेले, त्याच्या काही दिवस आधी दिल्लीच्या पहिल्या कॉमिक कॉनमध्ये त्यांचा जीवनगौरव झाला होता. वाईरकर त्याआधीच, २००३ मध्ये गेले.

नव्या आवृत्त्यांत जुन्या चित्रांचे रंग पुन्हा केलेत. छायांच्या छटा घातल्यात, त्यात मूळ रेषा दबते. शक्य असेल तर जुन्या छपाईचे अंक रद्दीवाल्याकडे शोधा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास अधूनमधून मिळतात.

रेघोट्या

सर्वांचे आभार. आता एक काम करूया. ज्यांच्याकडे जुने अंक असतील त्यांनी आतल्या पानावर छापलेलं चित्रकाराचं आणि लेखकाचं नाव पाहून इथे लिहावं. अंकाचं नाव, चित्रकार, लेखक, भाषा, आवृत्तीचं वर्ष असेल तर तेही. नाव छापलेलं नसेल तर तसं लिहा, अंदाज नको. सगळं जमलं की मी एका तक्त्यात लावून या धाग्यात वर जोडतो.

सुरुवात मी करतो. ‘कृष्ण’: चित्रं राम वाईरकर. ‘शिवाजी’: चित्रं प्रताप मुळीक. ‘मीराबाई’: चित्रं युसुफ लियन.

सोनचाफा

‘बाबासाहेब आंबेडकर’: चित्रं दिलीप कदम, लेखन एस. एस. रेगे, १९७९. वडिलांच्या ट्रंकेत अजून गठ्ठा आहे. शनिवारी गावी जातेय, तेव्हा तो सोडवून बाकीची नावं टाकते.